समर्थ रामदास आणि कृष्णेचा डोह

थोर पुरुषांचीं चरित्रें लिहितांना लेखक त्यांच्या ग्रंथांविषयीं, मठांविषयीं व शिष्यशाखेविषयीं विस्तारानें लिहितात. परंतु त्यांनीं आपलें शरीर कसें कमावलें, आणि विशेषतः त्यांस पोहतां येत होतें कीं नाहीं, याविषयीं बहुधा एखाद्या ओळीवरच भागवितात. श्रीसमर्थ रामदासस्वामींच्या बाबतींत तर ही उणीव आम्हांस फारच जाणवते. कारण या सत्पुरुषाच्या आयुष्यांतील मोठमोठे प्रसंग पुन्हा पुन्हा पाण्यापाशीं येऊन थांबतात. बालपणची ती प्रसिद्ध उडी पाण्यांत, तरुणपणचें तप पाण्यांत, चाफळच्या रामाची मूर्ति लाभली ती पाण्यांत, आणि एकदां जिवावरचें संकट आलें तेंहि पाण्यांतच. आणि तें पाणी दुसरें तिसरें कोणतें नसून आमच्या उंब्रजच्या कृष्णेचें. म्हणून या लेखांत समर्थांचें चरित्र पाण्याच्या वाटेनें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. दासबोधाचा विचार व समर्थांचें राजकारण यांवर मोठमोठ्या विद्वानांनीं ग्रंथ लिहिले आहेत. त्या वाटेस आम्ही येथें जात नाहीं. ज्या कथा पुढें येतील त्यांपैकीं पुष्कळ संप्रदायाच्या बखरींतून व गांवोगांवच्या परंपरेंतून आलेल्या आहेत, हें मात्र वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

समर्थांचें मूळ नांव नारायण. गोदावरीच्या खोऱ्यांतील जांब या गांवीं शके १५३० च्या चैत्र शुद्ध नवमीस, म्हणजे सन १६०८ मध्यें, ऐन रामनवमीच्या दिवशीं त्यांचा जन्म झाला. जांब हें गांव आज जालना जिल्ह्यांत मोडतें. वडील सूर्याजीपंत ठोसर हे सूर्याचे उपासक. मातोश्रींचें नांव राणूबाई. आणि थोरले बंधु गंगाधरपंत, ज्यांस लोक पुढें श्रेष्ठ म्हणूं लागले. नारायण सात वर्षांचा झाला नाहीं तोंच पितृछत्र हरपलें, आणि घराचा भार श्रेष्ठांवर पडला.

नारायण हा मोठा हूड मुलगा होता. झाडांच्या शेंड्यांवर चढावें, माकडाप्रमाणें या फांदीवरून त्या फांदीवर जावें, आणि मनांत आलें कीं वरून थेट पाण्यांत झेप घ्यावी, हे त्याचे खेळ. गोदेच्या खोऱ्यांतील मुलास हे खेळ कोणीं शिकवावे लागत नाहींत. तसे ते कृष्णाकांठच्या मुलांसहि शिकवावे लागत नाहींत. आपल्याकडे पोहण्याची शाळा म्हणजे मळ्यांतील विहीर, नाहीं तर नदीचा डोह. पाठीस वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचें हलकें लांकूड बांधून पोरास पाण्यांत सोडावयाचें, आणि आठ-दहा दिवसांनीं तो भोपळा काढून घ्यावयाचा, इतकाच काय तो या शाळेचा अभ्यासक्रम. भोपळा सुटला कीं खरी मौज. कोणी सूर मारतो, कोणी मुटका मारून कांठावरच्या शहाण्यांस चिंब भिजवितो, कोणी पाण्यांतली शिवाशिवी खेळतो. पण सर्वांत मानाचा खेळ म्हणजे बुडीचा. पांढरा खडा अगर नाणें पाण्यांत टाकावयाचें आणि तळाशीं जाऊन तें वर आणावयाचें; नाणें न सांपडलें तर निदान मूठभर चिखल तरी वर आणून दाखवावयाचा, म्हणजे तळ गांठल्याची साक्ष पटते. ज्याच्या मुठींत चिखल नाहीं त्याच्या शब्दावर त्या दरबारांत कोणी विश्वास ठेवीत नाहीं.

आतां त्या प्रसिद्ध उडीविषयीं. घरांत लग्नाची गोष्ट निघाली कीं नारायण रुसून रानांत पळून जाई. अशाच एका वेळीं तो पाण्यावर झुकलेल्या झाडावर चढून बसला, आणि श्रेष्ठ आपली समजूत घालण्यास येत आहेत असें पाहतांच त्यानें वरून खालीं उडी टाकली. पाण्याखालीं खडक होता. तो कपाळास लागून मोठें टेंगूळ आलें, आणि तें जन्मभर गेलें नाहीं, असें बखरकार सांगतात. समर्थांच्या चित्रांत कपाळावर जो उंचवटा दाखविण्याची रीत आहे तो या उडीचाच. बखरकारांनीं ही कथा वैराग्याची खूण म्हणून सांगितली आहे. आम्हांस मात्र तींत एका अकरा-बारा वर्षांच्या मुलाची गंभीर चूकहि दिसते, आणि ती सांगण्यांत समर्थांचा कांहीं अधिक्षेप होतो असें आम्हांस वाटत नाहीं. अनोळखी पाण्यांत डोक्यावर उडी घेणारा मुलगा टेंगळावर निभावला तर तें केवळ दैव. तोच आघात थोडा तिरपा बसता तर मानेचा मणका मोडून हातपाय जन्माचे लुळे पडते. अशीं उदाहरणें वैद्यांस नवीन नाहींत. पहिल्या दिवशीं पाण्यांत हळूच पाय सोडून उतरावें, काठीनें किंवा बुडी मारून तळ चांचपावा, खडक कोठें आहे व गाळ कोठें आहे हें पाहावें, आणि मगच सूर मारण्याचा विचार करावा, ही जुन्या पोहणाऱ्यांची रीत. गेल्या उन्हाळ्यांत जेथें खोल पाणी होतें तेथें यंदाच्या उन्हाळ्यांत तें असेलच असें नाहीं. पुरानें दगड हलतात आणि वाळू साठते.

येथें पालकांशींहि दोन शब्द बोलावेसें वाटतात. दर उन्हाळ्यांत नदींत व विहिरींत मुलें बुडाल्याच्या दुःखद वार्ता आपल्या कानीं येतात, आणि त्या ऐकून पुष्कळ घरांत मुलांस पाण्याकडे फिरकूंच द्यावयाचें नाहीं असा निर्बंध घातला जातो. मायेपोटीं घातलेला निर्बंध आम्ही समजूं शकतों. परंतु ज्या मुलास पोहणें शिकविलें नाहीं तें मुलगें एक ना एक दिवस सोबत्यांबरोबर चोरून जातेंच, आणि तेंहि अशा ठिकाणीं कीं जेथें मोठें माणूस कोणी नसतें. नारायण जेव्हां खडकावर आपटला तेव्हां तो खेळावयास नव्हे, तर घरच्यांस चुकवावयास पाण्यांत शिरला होता.

लग्न टळलें नाहीं. सन १६२० मध्यें, वयाच्या बाराव्या वर्षीं, आसनगांवीं नारायण बोहल्यावर उभा राहिला; मंगलाष्टकांतील सावधानतेचा शब्द कानीं पडतांच तो मंडपांतून निघून गेला, ही कथा महाराष्ट्रांतील लहान मुलांसहि पाठ आहे. तेथून तो पायीं पायीं नाशिक-पंचवटीस आला, आणि नाशिकजवळ टाकळी येथें, जेथें नंदिनी नदी गोदावरीस मिळते, तेथें राहिला. पुढचीं बारा वर्षें, म्हणजे सन १६३२ पर्यंत, त्याचा नित्यक्रम असा होता कीं पहाटे नदींत उतरावें, छातीइतक्या पाण्यांत उभें राहावें, आणि दोन प्रहरपर्यंत जप करावा. गायत्रीचें पुरश्चरण व त्रयोदशाक्षरी राममंत्राचा तेरा कोटि जप त्यानें येथें केला असें सांगतात. पाण्यांतल्या माशांनीं त्याच्या पायांचे लचके तोडावे, आणि त्याचें तिकडे लक्षहि नसावें, असेंहि वर्णन आहे. हा सर्व काळ सूर्यनमस्कारांचा व्यायाम चाललेलाच होता.

पाण्यांत खेळणें सोपें आहे. पाण्यांत स्थिर राहणें फार कठीण आहे. ज्यांनीं वाहत्या नदींत छातीइतक्या पाण्यांत उभें राहून पाहिलें असेल त्यांस हें सांगावयास नको. प्रवाह अंगास रेटीत असतो, टाचेखालची वाळू कणाकणानें सरकत असते, शरीर हलकें झाल्यामुळें पायांस धड पकड मिळत नाहीं, आणि पहांटेच्या गारठ्यानें दांतावर दांत आपटत असतात. अशा स्थितींत श्वास संथ ठेवून उभें राहण्याचा अभ्यास ज्यानें बारा वर्षें केला, त्याला पाण्याची भीति कोठून राहणार?

या ठिकाणीं आजच्या पाणबुड्यांची थोडी हकीकत सांगितल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. कारण समर्थांच्या या पाण्यांतल्या स्थैर्याचें महत्त्व तिच्यावरून चांगलें समजतें. सन १९४३ मध्यें फ्रान्स देशांत झाक कुस्तो व एमिल गान्यां या दोघांनीं दाबलेल्या हवेचें नळकांडें पाठीस बांधून पाण्याखालीं श्वास घेण्याचें सुटसुटीत यंत्र तयार केलें. या विद्येस आज सर्वत्र स्कूबा म्हणतात. आपल्याकडे मालवणनजीक तारकर्ली येथें महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानें तिच्या शिक्षणाची संस्था काढिली. शिकाऊ पाणबुड्यास पहिल्या दिवशींच समुद्रांत नेत नाहींत; आधीं त्याला तलावाच्या स्वच्छ पाण्यांत खेळवितात. होय, अक्षरशः खेळवितात. पाण्यांत मोठाल्या कड्या टांगून, त्यांस अंगाचा किंवा नळकांड्याचा स्पर्श न होऊं देतां आरपार जावयास सांगतात. तळाशीं नाणीं, कड्या, शिशाचे तुकडे विखरून ते वेंचावयास लावितात. डोळ्यांवरची कांच झांकून, तळाशीं बांधलेली दोरी चांचपत चांचपत वाट काढावयाची असते. दोघांनीं मिळून दोरीच्या गांठी मारावयाच्या असतात. पाटीवर फुलीगोळा खेळावयाचा असतो. आपल्या शाळांतून चमचा-लिंबाची शर्यत असते तीहि तेथें आहे. परंतु लिंबू पाण्यावर तरंगतें, म्हणून तेथें चमच्यांत अंडें ठेवितात. ताजें अंडें पाण्यांत बुडतें, हें विद्यार्थ्यांस घरीं पेल्यांतहि पाहतां येईल.

या सर्व खेळांत दिसावयास सोपा आणि करावयास अवघड असा एक खेळ आहे. पाण्याच्या मध्यावर, तळास न टेकतां व वर न येतां, मांडी घालून अधांतरीं बसावयाचें. हात हालवावयाचे नाहींत, पाय मारावयाचे नाहींत. केवळ श्वासावर सगळा तोल. श्वास भरून घेतला कीं छाती फुगते व शरीर हळूहळू वर सरकतें, सोडला कीं खालीं जातें. नवशिका एकदां तळाशीं आपटतो, एकदां वर उसळतो, आणि सोबती हंसतात. ज्याचें मन घाबरें त्याचा श्वास जलद, आणि ज्याचा श्वास जलद त्याची हवा लवकर संपते. म्हणून या खेळांत पारंगत झाल्याशिवाय त्याला खोल पाणी दाखवीत नाहींत. टाकळीच्या संगमांत उभ्या राहिलेल्या त्या तरुण तपस्व्याचा हेतु अर्थातच वेगळा होता. परंतु शरीरास पाणी जें शिकवितें तें दोघांसहि एकच शिकवितें असें आम्हांस वाटतें.

टाकळीनंतर बारा वर्षें समर्थांनीं सारा हिंदुस्थान पायांखालीं घातला. या तीर्थयात्रेंत त्यांनीं लोकांची जी दैना पाहिली तिचें वर्णन इतरत्र वाचावयास मिळेल. परत जांबेस आले तेव्हां राणूबाईंची दृष्टि गेली होती. चोवीस वर्षांनीं मुलगा दारांत उभा राहिला, आणि मातेला त्याचा आवाज ऐकून आनंद झाला, एवढेंच येथें सांगतों. सन १६४४ च्या सुमारास ते कृष्णेच्या खोऱ्यांत आले आणि पुढें उभें आयुष्य याच प्रदेशांत राहिले.

हा प्रदेश आपला. कृष्णा महाबळेश्वरीं उगम पावून वाई व माहुलीवरून अंगापुराकडे येते, आणि पुढें उंब्रजपाशीं तिला तारळी मिळते. तेथून खालीं कऱ्हाडास कोयना. उंब्रजच्या पश्चिमेस डोंगरांच्या कुशींत मांड नदीच्या कांठीं चाफळ, पूर्वेस कृष्णेपलीकडे मसूर, आणि त्याच टापूंत शहापूर. समर्थांच्या अकरा मारुतींपैकीं बहुतेक या चिमुकल्या मुलखांत आहेत. शहापूरचा मारुति सन १६४५ चा. त्याच वर्षीं मसुरास रामजन्माचा उत्सव झाला. त्या उत्सवांतली एक गोष्ट तर थेट विहिरींतलीच आहे. मिरवणुकीच्या वाटेवर एका झाडाची फांदी आडवी येत होती, आणि ती विहिरीवर झुकलेली होती. समर्थांनीं अंबाजी नांवाच्या शिष्यास ती तोडावयास सांगितलें, आणि तीहि शेंड्याकडे बसून बुंध्याकडून तोडावयास. अंबाजीनें प्रश्न विचारला नाहीं. फांदी तुटली, अंबाजी तिच्यासह विहिरींत गेला. लोक घाबरले. बऱ्याच वेळानें समर्थ विहिरीच्या कांठीं येऊन त्यास कल्याण आहे ना असें पुसूं लागले, तेव्हां आंतून कल्याण असल्याचें उत्तर आलें. आणि त्या दिवसापासून अंबाजीचा कल्याणस्वामी झाला. ही कथा गुरुभक्तीची म्हणून सांगतात, आणि ती तशी आहेच. पण फांदीसकट विहिरींत पडून जो शिष्य इतका वेळ धीर न सोडतां राहिला, त्याला पाणी अनोळखी नव्हतें हेंहि उघड आहे. विद्यार्थ्यांनीं हा प्रयोग करूं नये हें निराळें सांगावयास नको.

चाफळास रामाचें देऊळ बांधावयाचें ठरलें, आणि त्यासाठीं मूर्ति हवी होती. परंपरा अशी कीं अंगापूरच्या डोहांत मूर्ति असल्याचा समर्थांस दृष्टांत झाला. यांत नवल मानण्याचें कारण नाहीं, कारण धामधुमीच्या दिवसांत देवळांतील मूर्ति फुटूं नयेत म्हणून लोक त्या जमिनींत पुरीत अथवा खोल पाण्यांत सोडून देत. कालांतरानें सोडणारे मरून जात आणि मूर्ति तेथेंच राहात. समर्थ अंगापुरास आले, कृष्णेच्या डोहांत उतरले, आणि बुडी मारून त्यांनीं रामाची मूर्ति वर काढली. तिच्याबरोबर देवीचीहि मूर्ति मिळाली.

दोन ओळींत सांगून संपणारा हा प्रसंग आहे. पण कांठावर क्षणभर थांबून आपण त्याचा विचार करूं. कृष्णेचें पात्र काळ्या खडकाचें. जेथें नदी वळण घेते तेथें दर पावसाळ्याचा पूर खडक खरवडीत जातो, आणि तेथें डोह पडतो. उन्हाळ्यांत नदीची धार घोट्याएवढी झाली तरी डोहांत पुरुष-दोन पुरुष पाणी असतें. वरचें पाणी उन्हानें कोमट, खालचें एकदम थंड. तळाशीं गाळ, बाजूंस कपारी. समर्थांजवळ डोळ्यांवर कांच नव्हती. उघड्या डोळ्यांनीं पाण्यांत पाहिलें तर सर्व कांहीं पुसट दिसतें. कारण हवेंतून येणारा प्रकाश डोळ्यांत शिरतांना जसा वांकतो तसा तो पाण्यांतून शिरतांना वांकत नाहीं, आणि प्रतिमा नीट उमटत नाहीं. त्यांतून तळाशीं पाय किंवा हात लागला कीं गाळ उठतो, मग तेवढेंहि दिसत नाहीं. म्हणजे शोध घ्यावयाचा तो हातांनींच. पाणबुड्यांच्या कांच झांकून खेळण्याच्या खेळाचें मर्म हेंच आहे. शिवाय दीड-दोन पुरुष खोल गेलें कीं कान दुखूं लागतात. वरच्या पाण्याचा दाब कानाच्या पडद्यावर पडतो. दहा मीटर खोलीवर तर एकंदर दाब पृष्ठभागावरील दाबाच्या दुप्पट होतो. नाक चिमटींत धरून आंतून हवेचा हलका जोर दिला म्हणजे कान मोकळे होतात. मुकाट्यानें दुखणें सोसलें तर पडदा फाटण्याची भीति असते.

आणि मूर्ति उचलावयाची कशी? येथें आर्किमिडीजचा नियम समर्थांच्या मदतीस आला असला पाहिजे. दगड पाण्यांत असतो तेव्हां त्यानें जेवढें पाणी बाजूस सारलें तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका तो हलका होतो. आपला काळा दगड पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड. तेव्हां अशा दगडाचें सुमारें एक-तृतीयांश वजन पाणी सोसतें. तीन मणांचा दगड तळाशीं दोन मणांचा भासतो. गंमत अशी कीं पाण्याबाहेर डोकावतांच तो पुन्हा तीन मणांचा होतो, आणि बुडी मारणाऱ्याचा दम तर तोंवर संपलेला असतो. अंगापूरच्या लोकांनीं मूर्ति आमच्या गांवची म्हणून ती नेण्यास हरकत घेतली, समर्थ मूर्ति तशीच ठेवून बाजूस झाले, पण गांवकऱ्यांस ती उचलेना, आणि शेवटीं त्यांनीं ती समर्थांसच नेण्यास विनविलें, अशी पुढची कथा आहे. भाविकांस तींत देवाची इच्छा दिसते. आम्हांस त्याबरोबरच गांवकऱ्यांचेंहि कौतुक वाटतें. आपल्या डोहांतली वस्तु सहजासहजीं न सोडणारे, परंतु जो खालीं जाऊन ती घेऊन आला त्याचा अधिकार अखेर मान्य करणारे ते लोक होते.

सन १६४८ मध्यें चाफळास रामाची स्थापना झाली. डोहांतली देवी आंग्लाई या नांवानें पुढें सज्जनगडावर बसली. त्या काळीं पाण्याखालीं जाण्याचीं साधनें जगांत कोठेंच फारशीं नव्हतीं. इंग्लंडांत एडमंड हॅले या ज्योतिष्यानें, ज्याच्या नांवाचा धूमकेतु प्रसिद्ध आहे, हवा भरलेल्या मोठ्या घंटेंत बसून पाण्याखालीं राहण्याची युक्ति सन १६९१ च्या सुमारास काढली. तेव्हां समर्थांस जाऊन नऊ वर्षें झालीं होतीं. कृष्णाकांठीं तर एक दम आणि दोन हात एवढेंच साधन.

आतां उंब्रज. चाफळ येथून सुमारें तीन कोस. समर्थ चाफळाहून कृष्णेच्या स्नानास उंब्रजला येत असत, आणि एके दिवशीं स्नान करतांना ते बुडूं लागले. मारुतीनें येऊन त्यांस बाहेर काढलें, आणि त्याची आठवण म्हणून समर्थांनीं येथें मारुति स्थापिला, अशी गांवाची परंपरा आहे. हा मारुति सन १६५० च्या सुमाराचा असून तो घडीव दगडाचा नाहीं. चुना, वाळू व ताग यांच्या मिश्रणाचा आहे. पायांखालीं राक्षस चिरडलेला आहे. गांवांतील मठांत तो आजहि आहे.

आम्हांस विचाराल तर समर्थांच्या सर्व जलकथांत ही कथा आम्हांस सर्वांत अधिक मोलाची वाटते, आणि ती आमच्या गांवची आहे म्हणून केवळ नव्हे. ज्यानें बालपणीं झाडांवरून उड्या घेतल्या, जो बारा वर्षें गोदेंत उभा राहिला, ज्यानें अंगापूरच्या डोहाचा तळ गांठला, तो पुरुष रोजच्या स्नानाच्या घाटावर, रोजच्या पाण्यांत बुडूं लागतो. संप्रदायानें ही गोष्ट लपविली नाहीं, उलट तिच्यावर देऊळ उभारलें. दोन नद्यांच्या संगमाजवळचें पाणी नेहमींच कपटी. एकीस पूर असतो, दुसरीस नसतो. दोन्ही धारा एकमेकींवर आदळून भोंवरा फिरतो. काल जेथें कमरेइतकें पाणी होतें तेथें आज खड्डा असतो. पोहणारा जितका निष्णात तितका तो बेसावध होण्याचा संभव अधिक.

आणि मारुति नसता तर? आजच्या पाणबुड्यांचा एक कडक नियम आहे कीं एकट्यानें कधींहि पाण्याखालीं जावयाचें नाहीं. प्रत्येकाचा एक जोडीदार ठरलेला असतो. एकाची हवा संपली तर दुसऱ्यानें आपली द्यावयाची, हेंहि ते आधीं तलावांत खेळून शिकतात. नळकांड्यांतली हवा घेत असतांना वर येतेवेळीं श्वास रोखून धरावयाचा नाहीं, कारण दाब कमी होतांच छातींतली हवा फुगते व फुप्फुस फाटतें, हाहि त्यांचा पहिला धडा. आपल्या विहिरींतल्या बुडीच्या खेळांत श्वास रोखूनच जावयाचें असतें, पण जोडीदाराचा नियम तेथें अधिकच लागू आहे. मुलें बुडी मारण्यापूर्वीं भराभर दीर्घ श्वास घेतात. त्यामुळें आपला दम वाढला असें त्यांस वाटतें. वास्तविक प्राणवायु फारसा वाढत नाहीं; रक्तांतला कार्बन डायऑक्साइड तेवढा कमी होतो, आणि श्वास घेण्याची जी तळमळ आपणांस वर येण्याचा इशारा देते ती याच वायूमुळें उत्पन्न होत असते. इशारा मिळत नाहीं, प्राणवायु संपत जातो, आणि मुलगा पाण्याखालींच निपचित पडतो. तो धडपडत नाहीं, ओरडत नाहीं. कांठावरच्यांस वाटतें कीं गडी मोठ्या दमाचा आहे. म्हणून कोण अधिक वेळ बुडून राहतो अशी पैज कोणीं लावूं नये, आणि बुडी मारणाऱ्यावर एकाची तरी नजर सतत असावी. ती असणारा तोच त्या वेळेपुरता त्याचा मारुति.

उंब्रजच्या प्रसंगानेंहि समर्थांनीं पाणी सोडलें नाहीं. आज सांगली जिल्ह्याच्या वाळवें तालुक्यांत बोरगांवाजवळ कृष्णेच्या पात्रांत बहें येथें एक बेट आहे. रामाला पुरापासून वांचविण्यासाठीं मारुतीनें दोन्ही बाहूंनीं कृष्णेचा ओघ अडविला, त्यामुळें तिच्या दोन धारा झाल्या व मध्यें बेट झालें, अशी तेथील कथा. समर्थ तेथें गेले तेव्हां मारुति कोठें दिसेना. मग त्यांनीं देवळामागच्या डोहांत उडी टाकली आणि मूर्ति वर आणली, असें सांगतात. ही स्थापना सन १६५२ च्या सुमाराची. पावसाळ्यांत कृष्णा फुगली म्हणजे बेटाच्या दोन्ही बाजूंनीं जें रोंरावतें पाणी जातें तें पाहावें, आणि मग त्या बाहू पसरलेल्या मारुतीची कल्पना करावी. ज्यानें ती कथा प्रथम रचली त्याला पूर म्हणजे काय हें पुरतें ठाऊक होतें.

पुढचें आयुष्य थोडक्यांत सांगतों. शिवथरच्या घळींत, जेथें पावसाळ्यांत तोंडावरून धबधबा कोसळतो, तेथें दासबोधाची रचना झाली. समर्थ सांगत व कल्याणस्वामी लिहून घेत. छत्रपति शिवाजीमहाराजांनीं सन १६७८ मध्यें चाफळच्या देवस्थानास सनद करून दिली. त्याआधीं दोन वर्षें, सन १६७६ मध्यें, समर्थ परळीच्या किल्ल्यावर, म्हणजे सज्जनगडावर, राहावयास आले होते. तेथें कल्याणस्वामी खालच्या उरमोडी नदीचें पाणी हंड्यांतून गडावर आणीत. ते प्रचंड तांब्याचे हंडे गडावर अजून दाखवितात; एक रिकामा हंडा हालवून पाहिला तरी मसूरच्या विहिरींत टिकाव धरणारा शिष्य कसा असेल याची कल्पना येते.

शके १६०३ च्या माघ वद्य नवमीस, सन १६८२ मध्यें, समर्थांनीं सज्जनगडावर देह ठेविला. शेवटच्या दिवसांत त्यांनीं अन्न आणि पाणी दोन्ही वर्ज्य केलीं होतीं. गडाच्या एका टोंकास, कड्याजवळ, आंग्लाईचें देऊळ आहे. कृष्णेच्या तळाशीं काळोखांत पडलेली ती मूर्ति आतां इतक्या उंचावर आहे कीं तेथून खालीं उरमोडीच्या धरणाचें निळें पाणी दूरवर पसरलेलें दिसतें, आणि वारा असा सुटतो कीं डोक्यावरची टोपी हातानें धरून ठेवावी लागते.